तीनशे वर्षांचा पहारा

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 साली वीज देऊ लागल्या. त्या वर्षी जन्मलेल्या मुलांना आता नातवंडं झाली, पण त्या भट्ट्यांतून निघालेल्या वापरलेल्या इंधनाचं शेवटी करायचं काय, हे अजून ठरलेलं नाही. अणुऊर्जेवर आपल्याकडे वाद होतो तो भूसंपादनावर, भूकंपावर, मासेमारीवर, विजेच्या दरावर. कचऱ्याचा विषय निघाला की एक बाजू "त्याची सोय केलेली आहे" म्हणून मोकळी होते आणि दुसरी "त्याची सोय होणंच शक्य नाही" म्हणून. मला ही दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात.

पुढे बोलणारे मामा आणि भाची या कुणी विशिष्ट व्यक्ती नव्हेत. पालघरपासून रत्नागिरीपर्यंतच्या किनाऱ्यावर हा वाद ज्या ज्या तोंडून ऐकला, ती बोलणी मी या दोघांत वाटून दिली आहेत. मामा तारापूरला किरणोत्सारी कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या विभागात तंत्रज्ञ होते, आता निवृत्त. भाची कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. तिचं सासर राजापूर तालुक्यात, जैतापूर प्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनींपासून फार लांब नाही. दोघांची एकमेकांवर माया आहे आणि या एका विषयावर अजिबात एकमत नाही.

भाची : मामा, सगळे नुसतं "कचरा, कचरा" करतात. भट्टीतून बाहेर येतं ते असतं तरी काय?

मामा : इंधनाची जुडी. तारापूरच्या 3 आणि 4 नंबरच्या भट्ट्यांत ती साधारण अर्धा मीटर लांब असते, 37 कांड्यांची. आत जाते तेव्हा साधं नैसर्गिक युरेनियम. हातमोजे घालून माणूस उचलू शकतो. बाहेर येते तेव्हा दिसायला तशीच, पण उघड्यावर तिच्याशेजारी उभा राहिलेला माणूस काही मिनिटांत मरणाइतका डोस खाईल. म्हणून ती हलते ती पाण्याखालून किंवा जाड कवचाआडून. आता वजनानं हिशेब कर. त्या जुडीतलं 98 टक्क्यांहून जास्त अजूनही युरेनियमच असतं. प्लुटोनियम अर्ध्या टक्क्याच्याही आत. फुटलेल्या अणूंचे तुकडे, म्हणजे खरा कचरा, एक टक्काही भरत नाही. तुम्ही ज्याला घाबरता तो एवढाच.

भाची : वजनानं एवढाच. सगळी आग त्या एक टक्क्यातच आहे ना?

मामा : आहे. आणि म्हणूनच तो वेगळा काढायचा. कांड्यांचे तुकडे करायचे, तापलेल्या नायट्रिक आम्लात विरघळवायचे, त्यातून युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घ्यायचं. मागे उरतो आम्लाचा द्राव, त्यात सिझियम, स्ट्रॉन्शियम आणि त्यांची सगळी भावकी. तो द्राव स्टीलच्या टाक्यांत काही वर्षं थंड करत ठेवायचा आणि मग काचेत ओतायचा. माझी नोकरी त्या काचेपाशी गेली.

भाची : ते दिसायचं कसं, सांगा ना. तुम्ही कधी सांगितलंच नाहीत.

मामा : मीटरभर जाडीच्या भिंतीत खिडकी असते, शिशाच्या काचेची. त्या काचेतून आतलं सगळं पिवळट दिसतं, दिवेलागणीला दिसतं तसं. दोन्ही हात मॅनिप्युलेटरच्या मुठींत. इकडे मूठ वळवली की तिकडे चिमटा वळतो, पण बोटांना त्या वस्तूचा स्पर्श म्हणून कळत नाही. नवीन मुलगा पहिले काही महिने नुसता बोल्ट उचलायला शिकतो. आत भट्टीत द्राव आणि काचेचा माल एकत्र वितळतो, हजार अंशांच्या आसपास. मग खालून धार सुटते, स्टीलच्या डब्यात. त्या क्षणी खोलीत कुणी बोलत नाही. डबा भरला की घाई करायची नाही. भराभर थंड झाला तर काच तडकते आणि तडकलेल्या काचेला पाणी लागायला जास्त जागा मिळते. सावकाश निववायचा, दुरूनच झाकण वेल्ड करायचं, बाहेरून धुऊन पुसून तपासायचा. एवढं सगळं केल्यावर तो साठवणीच्या कोठारात जातो. तिथे पंखा नाही, पंप नाही. गरम डब्यांनी हवा तापते, उंच चिमणीतून वर चढते, खालून थंड हवा आपोआप आत येते. वीज गेली तरी थंडावा चालू. निदान 30 वर्षं त्यानं तिथे निवायचं, मग पुढे.

भाची : पुढे म्हणजे?

मामा : पुढे म्हणजे जमिनीत खोल. खडकात.

भाची : कुठल्या?

या प्रश्नाला मामांचं उत्तर लगेच आलं नाही. ते आधी हातमोजे, पुसणी, गाळण्या आणि रेझिनच्या सौम्य कचऱ्याकडे वळले. सिमेंटमध्ये बांधून काँक्रीटच्या खंदकात किंवा टाईल होल म्हणतात त्या उभ्या नळकांड्यांत पुरायचा, भोवती विहिरी खणून पाणी तपासत राहायचं, ही पद्धत प्रत्येक केंद्राच्या आवारात चालते. कचऱ्याच्या आकारमानाचा मोठा भाग हाच असतो आणि त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. भाचीलाही त्यात रस नव्हता.

भाची : काच चांगली असेल, मामा. तुमच्या हातांवर माझा विश्वास आहे. पण काचेच्या आधी तो द्राव असतो, आणि द्राव वाईट. 1957 साली रशियात मायाकला अशाच एका टाकीचा थंडावा बंद पडला, कुणाच्या लक्षात आलं नाही आणि टाकी फुटली. शेकडो किलोमीटर लांबीचा पट्टा दूषित झाला आणि सोव्हिएत सरकारनं ते दशकानुदशकं जगापासून लपवलं. अमेरिकेत हॅनफर्डला 177 टाक्या जमिनीखाली आहेत, कित्येक गळक्या निघाल्या. वापरलेली जुडी होती तशी ठेवली असती तर हा द्राव झालाच नसता.

मामा : मायाक आणि हॅनफर्ड दोन्ही बाँबच्या घाईत झाली. हॅनफर्डच्या जुन्या टाक्या एकपदरी, साध्या पोलादाच्या. आपल्याकडे स्टेनलेस स्टील आणि टाकीखाली गळती धरणारी दुसरी सोय. घाईत केलेलं काम आणि निगुतीनं केलेलं काम एका मापानं मोजू नकोस. आणि जुडी तशीच पुरायची म्हणजे त्यातलं 98 टक्के युरेनियम पुरायचं. होमी भाभांनी तीन टप्प्यांचा कार्यक्रम आखला तो आपल्याकडे युरेनियम थोडं आणि थोरियम भरपूर म्हणून. पहिल्या टप्प्याची राख हे दुसऱ्या टप्प्याचं इंधन. तू ज्याला कचरा म्हणतेस ती आमच्या लेखी ठेव आहे.

भाची : इथेच तर गोम आहे. ठेव म्हटलं की विल्हेवाटीचा प्रश्नच कुणी विचारत नाही. कल्पाक्कमच्या जलद भट्टीचं बांधकाम 2004 साली सुरू झालं, 2010 च्या सुमाराला ती चालू व्हायची होती. तिचा गाभा भरायला सुरुवात झाली 2024 च्या मार्चमध्ये. आणि तुमच्याच तारापूरच्या 1 आणि 2 नंबरच्या भट्ट्यांचं इंधन? करार अमेरिकेशी, 1974 ला पोखरणचा स्फोट झाला, अमेरिकेनं हात आखडता घेतला, पुनर्प्रक्रियेच्या परवानगीवरून वाद लागला आणि ते वापरलेलं इंधन दशकानुदशकं साठवणीत पडून राहिलं. त्याला ठेव म्हणा, कचरा म्हणा, सांभाळत बसलं तारापूरच ना?

मामा : सांभाळलं की नाही पण? इतक्या वर्षांत त्या साठवणीनं गावाला काही केलं?

भाची : पन्नास वर्षं सांभाळलंत, मान्य. प्रश्न पन्नास वर्षांचा नाही.

मामा : मग किती? लोक चोवीस हजार वर्षं, लाख वर्षं म्हणतात, त्यातलं समजून घे. काचेत सिझियम आणि स्ट्रॉन्शियम असतं, त्यांचं अर्धायुष्य 30 वर्षांच्या आसपास. दहा अर्धायुष्यं गेली की हजारावा हिस्सा उरतो. म्हणजे 300 वर्षं. चोवीस हजारवालं प्लुटोनियम आम्ही बहुतेक सगळं आधीच काढून घेतलेलं असतं. उरले अमेरिशियमसारखे दोन-तीन चिवट. तेही वेगळे काढायची यंत्रणा तारापूरला उभी केली आहे. ते साधलं तर पहारा 300 वर्षांचा, लाखाचा नव्हे. आणि सिझियमलाही कामाला लावलंय. त्याच कचऱ्यातून ते काढून काचेच्या कांड्या करतात, रक्तपेढ्यांतल्या विकिरण यंत्रांसाठी. रुथेनियमच्या चकत्या डोळ्याच्या कॅन्सरवर वापरतात. मला याचा अभिमान आहे आणि मी तो लपवणार नाही.

भाची : लपवू नका, मीही तो सांगते मुलांना. पण रक्तपेढ्यांना लागणार ते चमचाभर. बाकीचं 300 वर्षं राखायचं. आणि 300 वर्षं तुम्ही किती सहज म्हणालात! तुमच्या घरापासून तारापूरचा किल्ला किती लांब?

मामा : असेल थोडाफार. का?

भाची : चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत तो पोर्तुगीजांकडून घेतला 1739 साली. मराठ्यांचे सरदार बाजी भिवराव तिथे पडले. त्याला अजून 300 वर्षं व्हायची आहेत. तेवढ्यात पोर्तुगीज गेले, पेशवाई गेली, इंग्रज आले आणि गेले, स्वतंत्र भारत आला. संस्थान, प्रांत, राज्य सगळं बदललं. गावाचा जिल्हासुद्धा 2014 ला ठाण्याचा पालघर झाला. त्या मोहिमेची पत्रं मोडीत आहेत, ती सरळ वाचणारी माणसं आज तालुक्यात किती सापडतील? तुमच्या कोठाराच्या नोंदी कुठल्या कपाटात, कुठल्या संगणकात, कोण वाचणार आहे 2325 साली? काच टिकेल हो. पहारेकरी टिकेल का?

मामा : पंढरीची वारी टिकली की नाही? ज्ञानोबांच्या आधीपासून चालू आहे. सुलतान आले, मुघल आले, इंग्रज आले, प्लेग आला. वारी चालली. माणसं ठरवतात तेव्हा शेकडो वर्षं एखादी गोष्ट सांभाळतात.

भाची : खरंय. पण का सांभाळतात? वारी लोकांची आहे म्हणून. कुठल्या खात्यानं कुंपणाआड ठेवलेली नाही. वारकऱ्याला वाट पाठ असते, दिंडीचा क्रम पाठ असतो, आजोबा नातवाला सांगतात. तुमच्या कोठाराबद्दल तारापूरच्या आजोबांनी नातवाला काय सांगायचं? "आत जायचं नाही, विचारायचं नाही" एवढंच ना?

मामांनी वारीचं उदाहरण काढलं ते स्वतःच्या बाजूनं, पण माझ्या मते या वादातला सगळ्यात मोठा मुद्दा भाचीनं त्यातूनच उचलला. अभियंते 300 वर्षांच्या पहाऱ्याची भाषा करतात तेव्हा भिंतींचा, वेल्डचा, काचेच्या झिजेचा हिशेब चोख मांडतात. तो पहारा वाहून नेणाऱ्या समाजाचा हिशेब त्यात क्वचितच असतो.

मामा : बरं, माणसांवर भरवसा नको म्हणतेस ना? मग खडकावर ठेव, तुझाच विषय. आफ्रिकेत गॅबॉनमध्ये ओक्लो नावाची खाण आहे. 1972 साली फ्रेंचांना तिथल्या युरेनियमचं माप किंचित कमी लागलं. 0.720 टक्के हवं तिथे 0.717. एवढ्याशा फरकावरून शोध लागला, की दोन अब्ज वर्षांपूर्वीच्या सुमारास त्या खडकात अणुभट्टी आपोआप पेटली होती आणि लाखो वर्षं धुमसत होती. तिचं प्लुटोनियम, तिच्यातले बरेचसे फुटके अणू, जागेपासून काही मीटरसुद्धा हलले नाहीत. तिथे ना काच होती, ना स्टील, ना मी.

भाची : वर्गात मी दरवर्षी ओक्लो शिकवते. पण मामा, जी टिकली ती आपल्याला सापडली. ज्या जागी पाण्यानं सगळं धुऊन नेलं, तिथे शोधायला काय उरलं असेल? ओक्लोनं इतकंच सिद्ध होतं की योग्य खडक असू शकतो. तो शोधायला लागतो. आपला दख्खनचा काळा पाषाण थराथरांचा, दोन थरांच्या मधून पाणी खेळतं, विदर्भात आणि मराठवाड्यात आपण त्याच पाण्यावर विहिरी चालवतो. त्यात मी काही पुरू देणार नाही. एकसंध ग्रॅनाइट हवा, तोही भेगा, पाणी, हालचाल सगळं तपासून. आणि खडक चांगला मिळाला तरी माणूस राहतोच. न्यू मेक्सिकोत मिठाच्या थरात 1999 पासून अमेरिकेच्या शस्त्र-कार्यक्रमाचा प्लुटोनियम लागलेला कचरा पुरतात. मीठ उत्तम, कोट्यवधी वर्षांचं. 2014 साली खाली एक पिंप फुटलं, कारण वर पिंपं भरताना मातीऐवजी धान्याच्या भुशाची शोषक भुकटी घातली होती. नायट्रेट आणि भुसा, रासायनिक आगच ती. जवळजवळ तीन वर्षं जागा बंद. खडकाची काही चूक नव्हती.

मामा : मला हे कशाला सांगतेस? मी हेच शिकवत आलो नव्या पोरांना. साहित्य बदललं की आधी विचारा, मग घाला.

भाची : म्हणूनच सांगते. तुमच्यासारखा माणूस निवृत्त होतो आणि फाईल राहते.

यानंतर बोलणं थोडा वेळ कोळशावर गेलं. मामांचं म्हणणं, कोराडी, चंद्रपूरच्या राखेचा कुणी असा हिशेब मागत नाही. 2022 च्या पावसाळ्यात नागपूरजवळ खसाळ्याचा राखेचा बांध फुटला, राख शेतांत आणि पाण्यात गेली, चार दिवस बातमी झाली आणि विरली. आपल्या कोळशात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त राख असते आणि ती निवत नाही, तिचं अर्धायुष्य नसतं. हे सगळं खरं आहे. विदर्भातल्या माणसाला तर ते सांगायचीही गरज नाही.

पण इथे मला मधे बोलायला हवं. नवी भट्टी बांधावी की नाही, हा एक प्रश्न. झालेल्या कचऱ्याचं काय करायचं, हा दुसरा. कोळशाची तुलना पहिल्या प्रश्नाला लागू पडते, दुसऱ्याला नाही. अणुऊर्जेचे समर्थक कचऱ्याची जागा ठरवणं लांबवतात, कारण जागेचं नाव घेतलं की आंदोलन उभं राहतं आणि नव्या भट्ट्यांना खीळ बसते. विरोधकही लांबवतात, कारण कचऱ्याला जागा मिळाली तर नव्या भट्ट्यांचा रस्ता मोकळा होईल अशी त्यांना भीती. दोघांच्या या ओढाताणीत कचरा वाढत राहतो. जगभरात वापरलेलं इंधन आजवर सुमारे 4 लाख टन निघालं, त्यातल्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर पुनर्प्रक्रिया झाली. जर्मनीनं 2023 च्या एप्रिलमध्ये शेवटच्या भट्ट्या बंद केल्या. तिथल्या विरोधकांचा विजय झाला. पण गोर्लेबेनच्या जमिनीखालच्या मिठाच्या घुमटावर चाळीस वर्षांहून जास्त भांडून 2020 साली ती जागा यादीतून गेली आणि आता शोध नव्यानं चालू आहे. आसेच्या जुन्या खाणीत टाकलेली सव्वा लाखांहून जास्त पिंपं पाणी शिरतंय म्हणून वर काढायचा घाट घालावा लागला. भट्टी बंद झाली तरी कचरा आपल्या गतीनंच निवतो. तेव्हा जैतापूर होवो की न होवो, तारापूरच्या कोठारातल्या डब्यांना जागा लागणारच.

मामा : जागा, जागा. सांग मला, या देशात कुठली ग्रामसभा हात वर करून म्हणेल, आमच्याकडे आणा?

भाची : कुणी विचारलंय का कधी? 1980 च्या दशकात तुमच्याच लोकांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत, हजारेक मीटर खाली, खडक तापवून बघायचा प्रयोग केला. विज्ञान म्हणून चांगला प्रयोग, मी त्यावरचे निबंध वाचलेत. 2012 साली कुडनकुळम अणुप्रकल्पाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे कोलारचं नाव पुरण्याची जागा म्हणून आलं. कोलारच्या लोकांना ते कळलं वर्तमानपत्रातून. ती माणसं रस्त्यावर आली. मग सरकारनं खुलासा केला, की तसा काही बेत नाही. असं जागेचं नाव काढलं तर देवाच्या गावातही कुणी हो म्हणणार नाही.

मामा : आणि विचारलं असतं तर हो म्हणाले असते?

भाची : फिनलंडमध्ये म्हणाले. 1983 साली सरकारनं वेळापत्रक आखलं. खडक तपासायचे, जागा निवडायची आणि 2020 च्या सुमाराला पुरायला सुरुवात करायची. गावाच्या परिषदेला नकाराचा पूर्ण अधिकार कायद्यानं दिला. परिषद नाही म्हणाली तर संसदही काही करू शकत नाही. यूराजोकीच्या परिषदेनं हो म्हटलं, मग 2001 ला संसदेनं शिक्का मारला. 2004 ला बोगदा खणायला घेतला, 2015 ला बांधकामाचा परवाना. चारशे-साडेचारशे मीटर खाली, अब्जावधी वर्षांचा खडक. लोखंडाच्या गाभ्याभोवती पाच सेंटिमीटर तांब्याचा डबा, त्याभोवती पाणी लागलं की फुगून भेगा बुजवणारी माती. तिथे पुनर्प्रक्रिया नाही, जुड्या आहेत तशाच पुरायच्या. 2024 ला रिकाम्या डब्यांवर रंगीत तालीम सुरू झाली. थोडा उशीर झाला, पण चाळीस वर्षांपूर्वी आखलेल्या वाटेवरच आहेत.

मामा : त्यांची लोकसंख्या मुंबईच्या निम्मीसुद्धा नाही. यूराजोकीत आधीपासून भट्ट्या आहेत, त्यांचा कर गावाला मिळतो, लोकांना सवय आहे. इकडे माणसाला हात पसरायला जागा नाही.

भाची : तारापूरलाही आधीपासून भट्ट्या आहेत, मामा. लोकांना सवय आहे. फरक कुठे पडला सांगा. 3 आणि 4 नंबरसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठवली. त्या लोकांच्या पुनर्वसनाचं भांडण कोर्टात किती वर्षं चाललं? ज्या माणसाला घराचा शब्द पाळलेला दिसला नाही, त्याला तुम्ही 300 वर्षांचा शब्द देणार?

मामांनी यावर वाद घातला नाही. अक्करपट्टीची माणसं त्यांच्या ओळखीची होती, काही तर कँटीनमध्ये रोज भेटणारी. मला वाटतं, या एका जागी अणुऊर्जेच्या समर्थकांनी खरोखर थांबायला हवं. पुनर्वसन हे भूसंपादनाचं खातं आणि कचरा हे सुरक्षेचं खातं, अशी विभागणी सरकारी फायलीत चालते. गावात चालत नाही. गावकरी एकाच सरकारकडे बघतो आणि एका शब्दावरून दुसरा जोखतो.

मामा : तू सगळं विश्वासावर आणून ठेवतेस. पैशाचं बोल. परदेशात हे सगळं झालं कारण पैसा बाजूला काढला.

भाची : बरोबर, फिनलंडमध्ये 1988 पासून वेगळा निधी आहे, कंपन्यांनी भरायचा, कचऱ्यासाठीच वापरायचा. आपल्याकडे? भट्टी मोडण्यासाठी युनिटमागे 2 पैसे. 2012 साली कॅगनं लिहिलं, की देशातल्या एकाही अणुवीज केंद्राची, बंद पडलेल्यांचीसुद्धा, मोडणीची योजना तयार नाही. अणु नियामक मंडळाला तेव्हा कायद्यानं स्वतंत्र दर्जा नव्हता, हेही त्यातच लिहिलं. आता 2047 पर्यंत 100 गिगावॅट म्हणतात. आज आहे नऊ गिगावॅटच्या आसपास. म्हणजे दसपटीहून जास्त क्षमता आणि कचऱ्याला अजून जागेचं नाव नाही. जैतापूरला सहा भट्ट्या, 9900 मेगावॅट. तिथल्या नाटे गावचे मच्छीमार विचारतात की वापरलेलं इंधन किती वर्षं इथे राहणार, तर उत्तर मिळतं, "तात्पुरतं." तात्पुरतं म्हणजे किती, हे कुणी लिहून देत नाही.

मामा : लिहून द्यायला हवं. त्यात मी तुझ्या बाजूनं. पण तूही एक कबूल कर. तुमची मंडळी गावात जाऊन सांगतात, मासे मरतील, पोरं वाकडी जन्मतील, आंब्याला मोहोर येणार नाही. मी छातीवर डोस मोजणारा बॅज लावून पूर्ण नोकरी केली, महिन्याला त्याचं माप आलं. मला दोन मुलं झाली, सुदृढ आहेत. भीती दाखवून जागा अडवता येते, जागा शोधता येत नाही.

भाची : कबूल. मी स्वतः सभेत त्या भाषणांना हरकत घेतलीय आणि त्यावरून बोलणी खाल्लीत. पण भीती रिकाम्या जागेत वाढते, मामा. केंद्राशेजारी पर्यावरण सर्वेक्षणाची प्रयोगशाळा असते ना? दूध, मासळी, भाजी, विहिरीचं पाणी सगळं मोजतात. ते आकडे जातात कुठे?

मामा : वार्षिक अहवालात छापून येतात. बघायला बंदी नाही.

भाची : अहवाल इंग्रजीत, सरासरीत, वर्षानंतर. शेजारच्या चिंचणीच्या कोळिणीला तो कुठे मिळणार? दर महिन्याला मासळीतलं सिझियम किती, मर्यादा किती, विहिरीत ट्रिटियम किती, हे मराठीत फळ्यावर लिहा. बंदरावर, ग्रामपंचायतीबाहेर, शाळेत. मुलांना नमुने गोळा करायला न्या, मोजताना दाखवा. कोठारात डबे किती, कुठल्या वर्षीचे, निवून किती झाले, हेही लिहा. त्यात गुपित काय आहे? अशी वीस वर्षं गेली की तारापूरच्या पोरांना तुमचा कचरा पाठ होईल. मग तीच पोरं विचारतील, आता खडक कुठला. आणि त्या वेळी नकाराचा अधिकार त्यांच्या हातात द्या.

मामा : डब्यांचा आकडा फळ्यावर? आमच्या साहेबांना घेरी येईल.

भाची : येऊ दे. तुम्हाला येईल का?

मामा : नाही. मला तर बरंच वाटेल. मी भरलेल्या डब्यांना निदान कुणी मोजेल. पण एक सांग. समज, फळा लावला. आणि महिन्यामागून महिने आकडे चांगलेच आले, मर्यादेच्या शंभराव्या हिश्श्यात. तू मानशील?

भाची : चांगल्या आकड्यांवरून नाही मानणार. ज्या महिन्यात आकडा चढेल त्या महिन्यात तो त्याच फळ्यावर, त्याच तारखेला लागला, तर मानीन.

मामा : आणि चढलेला आकडा बघून तुझे लोक मोर्चा नाही काढणार?

भाची : काढतील पहिल्यांदा. तेव्हा तुम्ही फळ्यापाशी उभे राहा, निवृत्त असलात तरी. का चढला ते समजावून सांगा. मीही येते.